घर एक, गल्ले किती?

10 मार्च 2024 रोजी छत्तीसगडमधल्या 70 लाखांहून अधिक स्त्रियांच्या बँक खात्यांत एकूण 655 कोटी रुपये जमा झाले. महतारी वंदन योजनेचा तो पहिला हप्ता. जाहीर दर दरमहा 1000 रुपयांचा, पण 655 कोटींना 70 लाखांनी भागले तर वाट्याला येतात साधारण 935. बाकीचे 65 रुपये वाटेत कुणी गिळले असे नाही. नियमातच त्याची सोय आहे. जिला आधीपासून सामाजिक सुरक्षा पेन्शन मिळते तिला ही योजना फक्त वरची भर घालते. पेन्शन 500 असेल तर महतारीचे 500. म्हणजे सरकारच्या लेखी 1000 हा वाटा नसून किमान रेषा आहे.

याच दराने वर्षाचे होतात 7,860 कोटी. 2024-25 चा छत्तीसगडचा अर्थसंकल्प 1,47,446 कोटींचा होता, तेव्हा राज्याच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वापाच या खात्यांकडे वळले. आता हेच मापन खालून करू. 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत छत्तीसगड सगळ्या राज्यांच्या तळाला होते: ग्रामीण भागात माणशी दरमहा 2,466 रुपये, शहरात 4,483. (महाराष्ट्रात हेच आकडे 4,010 आणि 6,657.) पाच माणसांचे खेड्यातले घर धरले तर महिन्याचा खर्च 12,330 रुपये. त्यात 1000 म्हणजे आठ टक्के. घरात सासू आणि सून दोघी पात्र असतील तर सोळा.

या आकड्यांवरून नेहमी दोनच प्रश्न विचारले जातात: राज्याला परवडते का, आणि मते मिळाली का. दोन्ही रास्त आहेत. पण त्याआधी एक तिसरा प्रश्न येतो आणि तो क्वचितच कुणी विचारतो. हे पैसे देताना सरकारने ‘घर’ म्हणजे काय असे गृहीत धरले?

अर्थशास्त्रात घराची दोन चित्रे आहेत. पहिले शिकागोच्या गॅरी बेकर यांचे. त्यांचा कुटुंबावरचा मोठा ग्रंथ 1981 चा. 1992 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बेकर यांच्या घरात गल्ला एकच. पैसे कुणीही कमावले तरी ते एकाच ठिकाणी येतात, आणि कर्ता माणूस सगळ्यांचे हित पाहून ते वाटतो. घरातला एखादा आपमतलबी निघाला तरी बिघडत नाही, कारण गल्ला भरला तरच आपल्याला मिळणार हे त्यालाही कळते. या चित्रात 1000 रुपये बायकोच्या खात्यात टाकले काय आणि नवऱ्याच्या खात्यात टाकले काय, घरात दूध तेवढेच येईल. सरकारने बायकोला दिले की नवरा घरखर्चाला द्यायच्या रकमेतून तेवढे कापून घेईल आणि हिशेब पुन्हा होता तिथेच येईल.

दुसरे चित्र वाटाघाटीचे. 1980 आणि 81 मध्ये मॅन्सर-ब्राउन आणि मॅकएलरॉय-हॉर्नी या दोन जोड्यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. नवरा-बायकोच्या आवडी वेगळ्या, गरजा वेगळ्या, आणि जे ठरते ते बोलण्यांतून ठरते. कुणाचे किती चालते हे प्रेमावर कमी आणि बोलणी फिसकटली तर कुणाच्या हाती काय उरते यावर जास्त अवलंबून असते. सुरुवातीच्या मांडणीत फिसकटणे म्हणजे घटस्फोट. 1993 मध्ये लुंडबर्ग आणि पोलॅक यांनी त्यात दुरुस्ती केली: बहुतेक घरांत भांडण कोर्टापर्यंत जात नाही, दोघे एकाच छपराखाली आपापल्या कामापुरते राहतात. याला त्यांनी जे पारिभाषिक नाव दिले ते बाजूला ठेवू. मराठी घरात त्याला अबोला म्हणतात, आणि अबोल्यात कुणाचे किती दिवस निभते हा प्रश्न आपल्याकडे घटस्फोटापेक्षा पुष्कळ ओळखीचा आहे. हातात स्वतःचे हजार रुपये असलेल्या बाईचा अबोला जास्त टिकतो, एवढेच या मॉडेलचे म्हणणे.

आता महतारी वंदनचे नियम या दोन चित्रांशेजारी ठेवून वाचू. पात्रता अशी: छत्तीसगडची रहिवासी, विवाहित, आणि अर्जाच्या वर्षाच्या 1 जानेवारीला किमान 21 वर्षांची. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियाही पात्र. वयाला वरची मर्यादा नाही. अपात्र कोण? जिच्या कुटुंबातली कुणीही व्यक्ती आयकर भरते, किंवा कुटुंबातली कुणीही व्यक्ती सरकारी खात्यात, मंडळात किंवा स्थानिक संस्थेत पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीत नोकरीला आहे, किंवा खासदार-आमदार आहे वा होती.

रायपूरचे शंकर नगर हे ही यादी तपासायला नामी ठिकाण आहे. मंत्र्यांचे बंगले, बीटीआय मैदान, त्याच आवारात राज्याच्या शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे कार्यालय, आणि मधल्या गल्ल्यांतून अधिकारी, डॉक्टर, व्यापाऱ्यांची घरे. भोसल्यांच्या राज्यापासून आणि पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्यांमुळे इकडे आलेल्या मराठी घराण्यांचीही रायपुरात काही कमी नाही. अशा घरातल्या स्वयंपाकघरात सकाळी दोन बायका असतात: घरची मालकीण आणि बाहेरच्या वस्तीतून कामाला येणारी बाई. दोघी विवाहित, दोघी एकविशीच्या पुढे, दोघी रायपूरच्या मतदार. हजार रुपये कामाच्या बाईला मिळतात, मालकिणीला नाहीत, आणि तसेच असावे असे कुणीही म्हणेल.

पण कारण नीट पाहा. मालकीण नाकारली गेली ती तिच्याजवळ पैसा आहे म्हणून नव्हे. तिच्या नावावर कदाचित एक रुपयाही नसेल. ती नाकारली गेली कारण नवरा आयकर भरतो. म्हणजे दारावर बसलेल्या नियमाने बेकर यांचे चित्र मान्य केले: नवऱ्याचा गल्ला तोच बायकोचा. कामाच्या बाईचा नवराही कमावतो, मजुरीला जातो किंवा रिक्षा चालवतो. तिच्या बाबतीत मात्र सरकार म्हणते की त्याच्या कमाईवर विसंबून चालणार नाही, पैसे थेट हिच्याच खात्यात गेले पाहिजेत. बँकेच्या खिडकीवर नियमाने दुसरे चित्र धरले. एकाच योजनेच्या एकाच पानावर दोन्ही मॉडेले नांदतात: घर श्रीमंत असेल तर गल्ला एक, गरीब असेल तर दोन. यामागे नकळत एक समजही दडला आहे, की पैसे उडवणारा नवरा गरिबाच्याच घरी असतो. शंकर नगरातल्या बंगल्यांत महिन्याच्या भाजीचा हिशेब नवऱ्यापुढे मांडावा लागणाऱ्या बायका नाहीत असे मानायला मात्र काही आधार नाही.

याचा अर्थ मालकिणीलाही हजार रुपये द्या असा नाही. तिजोरीला मर्यादा आहे आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ही रेघ घराच्या पैशावर ओढली आहे, बाईच्या पैशावर नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढचे आकडे वाचावेत.

अविवाहितेचे काय? तीस वर्षांची अविवाहित मुलगी, आई-बापांजवळ राहणारी, या योजनेत कुठेच नाही. वाटाघाटी जणू फक्त नवऱ्याशी होतात. बाप आणि भावाशी होत नाहीत. उलट परित्यक्ता आणि घटस्फोटित यांना ठेवून योजनेने एक फार महत्त्वाची गोष्ट केली, बहुधा मॉडेलचा विचार न करताच. नवरा सुटला तरी पैसे सुटत नाहीत. बोलणी फिसकटल्यावर हाती उरणारी रक्कम म्हणतात ती हीच.

छत्तीसगडच्याच 2012 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घराचे तिसरेच चित्र काढले होते. केंद्राचा कायदा 2013 मध्ये येण्याआधी छत्तीसगडने रेशन कार्डावर घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. म्हणजे तांदूळ सासूच्या नावावर. बारा वर्षांनी आलेले हजार रुपये मात्र सासूला आणि प्रत्येक सुनेला वेगवेगळे. कर्नाटकची गृहलक्ष्मी आणि तामिळनाडूची मगळिर उरिमै तोगै या 2023 च्या दोन्ही योजना अजून एका घरात एकाच कुटुंबप्रमुख स्त्रीला पैसे देतात. मध्य प्रदेशची लाडली बहना आणि छत्तीसगडची महतारी वंदन बाईगणिक देतात. तीन सुनांच्या घरात याने काय फरक पडतो ते मॉडेलशिवायही कळेल. तिथे नवरा हा एकच प्रतिपक्ष नसतो.

बाईगणिक का? इथे राजकारणाचे अर्थशास्त्र येते. मत घराचे नसते, माणसाचे असते. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत छत्तीसगडात 2.03 कोटी मतदार होते. त्यांत स्त्रिया 1.02 कोटी, पुरुष 1.01 कोटी. भाजपला 46.3 टक्के मते आणि 90 पैकी 54 जागा, काँग्रेसला 42.2 टक्के आणि 35. दोघांतला फरक सुमारे 6.3 लाख मतांचा. पुढे योजनेत आलेल्या स्त्रिया 70 लाख, म्हणजे त्या फरकाच्या अकरा पट आणि राज्यातल्या दर दहा स्त्री-मतदारांमागे जवळजवळ सात.

अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये लिहिले ते असे की दोन पक्ष मते ओढण्यासाठी सरकत सरकत एकमेकांजवळ येतात. रायपुरात हे दोन आठवड्यांत दिसले. 3 नोव्हेंबर 2023 ला भाजपच्या जाहीरनाम्यात विवाहित स्त्रीला वर्षाला 12,000. 7 नोव्हेंबरला मतदानाचा पहिला टप्पा. 12 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, काँग्रेसचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी वर्षाला 15,000 जाहीर केले. 17 ला दुसरा टप्पा. धानाच्या भावातही तसेच: एकाचे क्विंटलला 3,100, दुसऱ्याचे 3,200. आकड्यांत काँग्रेस पुढे होती. पण मतदार आकड्याला शक्यतेने गुणतो. भाजपच्या कार्यकर्त्यांनी मतदानाआधी घरोघरी जाऊन फॉर्म भरून घेतले होते. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. पण ज्या पक्षाने आपले नाव आणि खाते क्रमांक लिहून नेला त्याला नंतर माघार घेणे महाग पडते, हे भरणारीला कळत होते. आश्वासन विश्वासार्ह कसे करायचे यावर अर्थशास्त्रात कपाटे भरून लिखाण आहे. कार्यकर्त्यांनी ते वाचले नसावे.

या हजारांनीच निवडणूक फिरवली असे मात्र मी म्हणणार नाही. धान होते, पाच वर्षांच्या सत्तेचा कंटाळा होता, भ्रष्टाचाराचे आरोप होते. सगळे एकाच वेळी घडले की कुणाचे श्रेय किती हे वेगळे काढता येत नाही.

मग घराच्या दोन चित्रांतले खरे कोणते? याला मात्र बरीच उत्तरे आहेत. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी मुलांपोटी बापाच्या करात मिळणारी सूट काढून तेच पैसे आईच्या हाती रोख देण्यात आले. रक्कम घराबाहेर गेली नव्हती, हात बदलला होता. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांनी 1997 मध्ये दाखवले की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. एकच गल्ला असता तर असे झाले नसते. ब्राझीलच्या आकडेवारीवर डंकन थॉमस यांनी 1990 मध्ये मांडले की मजुरीखेरीजचे उत्पन्न आईच्या हाती असेल तर मूल जगण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम बापाच्या हातातल्या तेवढ्याच उत्पन्नाच्या जवळजवळ वीस पट असतो. दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकात कृष्णवर्णीयांना पुरेशी वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागली. एस्थर डुफ्लो यांना 2003 च्या अभ्यासात आढळले की आजीला पेन्शन मिळते त्या घरातल्या नातींची वाढ सुधारते, आजोबांना मिळते तिथे असा परिणाम दिसत नाही. नातवांवर आजीच्या पेन्शनचाही ठळक परिणाम नव्हता, हे त्यातले विचार करायला लावणारे.

सगळ्यांत जवळचा पुरावा मात्र 2000 पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्या मध्य प्रदेशातला आहे. उत्तर मध्य प्रदेशातल्या 197 ग्रामपंचायतींत रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करायची आणि ते खाते कसे वापरायचे हे तिला शिकवायचे, असा प्रयोग झाला. फील्ड, पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 2021 मध्ये आला. नुसते खाते उघडून दिल्याने फारसे काही हलले नाही. मजुरी खात्यात आणि शिकवणी, दोन्ही मिळाले तिथे बायका जास्त काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. आणि हा परिणाम ज्या घरांत बायकांनी कामाला जाणे आधी पसंत नव्हते तिथे अधिक ठळक होता. खाते आणि खात्यावरचा ताबा या दोन गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरते असे बँक खाते असलेल्या स्त्रिया 2015-16 मध्ये छत्तीसगडात 51 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 80. महाराष्ट्रात 45 वरून 73. ‘स्वतः वापरते’ हे ती बाई सांगते. कार्ड आणि पिन कुणाजवळ हे पाहणी विचारत नाही.

आणि मला सर्वांत जास्त खटकते ते इथेच. आपली बहुतेक सांख्यिकी घराच्या उंबऱ्यावर थांबते. वर आलेले 2,466 रुपये कसे निघाले? घराचा खर्च मोजला आणि माणसांच्या संख्येने भागला. म्हणजे बाप, आई, मुलगा, मुलगी यांना सारखे मिळते असे मानले. बेकर यांचे मॉडेल इथे निष्कर्ष म्हणून येत नाही, मोजण्याच्या पद्धतीतच शिवलेले असते. मग त्या पाहणीतून महतारीच्या हजारांनी घरात काय बदलले हे शोधणे अशक्य, कारण जे बदलायचे तेच मोजलेले नाही. उंबरा ओलांडणारी एक पाहणी आपल्याकडे आहे, वेळेच्या वापराची. 2019 मध्ये घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटे जात होती, ते करणाऱ्या पुरुषाची 97. 2024 मध्ये 289 आणि 88. बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण ती दहा मिनिटे पुरुषाने उचलली नाहीत. त्याची नऊ कमीच झाली. पैशाची अशी पाहणी नाही.

मेक्सिकोने 1997 मध्ये आयांना पैसे देणारी प्रोग्रेसा योजना सुरू केली तेव्हा 506 गावे निवडून 320 मध्ये आधी आणि 186 मध्ये नंतर सुरू केली, कोणती आधी हे चिठ्ठीने ठरवून. त्या मधल्या काळाच्या तुलनेतून जे आकडे निघाले त्यांनी पुढे सरकार बदलल्यावर योजना वाचवली. महतारी वंदन एकाच दिवशी सगळीकडे सुरू झाली. निवडणुकीच्या वचनाची गावांगणिक चिठ्ठी टाकणे कुणालाही परवडणारे नव्हते, हे समजण्यासारखे आहे. तरी वाट पूर्ण बंद नाही. 2024 मध्ये अर्ज 5 ते 20 फेब्रुवारीपर्यंत घेतले गेले. म्हणजे डिसेंबर 2002 ची जन्मतारीख असलेली विवाहिता योजनेत आली आणि फेब्रुवारी 2003 ची बाहेर राहिली. दोघींत दोन महिन्यांखेरीज फारसा फरक नाही. महिला व बालविकास विभागाजवळ सगळ्या अर्जांच्या जन्मतारखा आहेत. या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या काही हजार घरांत जाऊन मुलांचे वजन, दुधाचा खर्च, दवाखान्याची फेरी आणि पिन कुणाला ठाऊक आहे एवढे विचारले तर वर्षाला आठ हजार कोटींच्या घरात जाणाऱ्या खर्चाबद्दल आपण अंदाजापलीकडे काही बोलू शकू. असा अभ्यास कितीही महाग झाला तरी एका दिवसाच्या हप्त्याच्या किरकोळीत बसेल.

महाराष्ट्रात हीच दोन चित्रे अधिक उघडपणे एकमेकांवर आदळली. लाडकी बहीण योजना 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात आली: दरमहा 1,500, वर्षाला 46,000 कोटी. 18,000 ने भागा, 2.55 कोटी बायका होतात. 2025-26 ची तरतूद 36,000 कोटी. भागाकार 2 कोटी. म्हणजे निवडणुकीआधीच्या आणि नंतरच्या अर्थसंकल्पांत 55 लाख बायकांचे अंतर आहे. छत्तीसगडपेक्षा इथे नियम जरा मोकळा: 21 ते 65 वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, शिवाय घरातली एक अविवाहित. पण कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर सोडून. 2025 च्या जूनपासून 26.34 लाख खात्यांचे पैसे थांबवले गेले. तपासणीत 14,298 पुरुषही लाभार्थी म्हणून सापडले.

छाननीसाठी सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले. कुटुंबाचे उत्पन्न पाहायचे तर नुसता बाईचा आधार पुरत नाही, म्हणून नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांकही मागितला गेला. पडताळणीचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर जात होता. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांची अडचण लगेच पुढे आली, तेव्हा त्यांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद देण्याची सवलत मिळाली आणि मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. जिचा नवरा जिवंत आहे, त्याच घरात आहे आणि अबोला धरून आहे, तिने तो सहा आकड्यांचा क्रमांक कसा मिळवायचा याची तरतूद त्या सवलतीत नव्हती.